अधिभार भरलेला रुग्ण

ब्रिटनमध्ये काही वर्षांच्या नोकरीसाठी निघालेला मराठी माणूस तेथे पहिल्यांदा शिंकण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात बसून व्हिसाचा अर्ज भरतानाच, आपल्या संभाव्य आजारांचे पैसे चुकते करून बसलेला असतो. या रकमेला इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे स्थलांतरितांकडून घेतला जाणारा आरोग्य-अधिभार, असे नाव असून २०१५ साली सुरू झाला तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता. पुढे ४००, मग ६२४ असा चढत चढत ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी १,०३५ आणि मुलांसाठी व विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंडांवर पोहोचला. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा अधिभार एकरकमी भरावा लागत असल्यामुळे, पाच वर्षांसाठी निघालेल्या चौकोनी कुटुंबाला १८,११० पौंड, म्हणजे सुमारे वीस लाख रुपये, निरोगी अवस्थेत मोजावे लागतात, आणि पगारातून दरमहा कापला जाणारा कर व नॅशनल इन्शुरन्स नावाची वर्गणी ही त्याशिवाय असते. एवढे झाल्यावर या माणसाच्या मनात आजारी पडण्याविषयी एक प्रकारची हक्काची भावना उत्पन्न झाली, तर तिला सर्वस्वी अनैसर्गिक म्हणता येणार नाही.

अडचण अशी की, ज्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे, म्हणजे एनएचएसचे, त्याने पैसे भरलेले असतात, तिच्या मूळ कल्पनेत गिऱ्हाईक नावाचा प्राणीच नाही. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी ही सेवा सुरू केली ती उपचार गरजेनुसार मिळावा, ऐपतीनुसार नव्हे, या तत्त्वावर. परदेशी पाहुण्यांना फुकट उपचार कशाला, ही तक्रार त्या काळातही झाली होती आणि १९४९ च्या कायद्याने परदेशस्थांकडून पैसे घेण्याची मुभाही ठेवली. परंतु तिचा प्रत्यक्ष वापर व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. थोडक्यात, पैसे घ्यावेत की नाही याचा विचार करण्यात या देशाने तीन दशके घालवली. त्याच्या आरोग्यसेवेत कोणतीही गोष्ट चटकन होईल ही अपेक्षा मुळातच अनैतिहासिक आहे.

या व्यवस्थेचे प्रवेशद्वार म्हणजे जीपी, अर्थात ज्याच्याकडे नाव नोंदवावे लागते तो परिसरातला डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाची भेट सहसा घडत नाही. गुडघा दुखला की थेट हाडांच्या डॉक्टरांकडे आणि शिंका आल्या की थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या, म्हणजे आपले निदान घरीच करून निघणाऱ्या मराठी रुग्णाला हा पहिला धक्का असतो. दुसरा धक्का स्वागतकक्षातील बाईंचा. वैकुंठाच्या दारावरील जय-विजयांप्रमाणे त्या अत्यंत नम्रपणे अडवतात, आणि सकाळी आठच्या ठोक्याला फोन करणाऱ्या भाविकांच्या रांगेतून ज्याचा क्रमांक लागेल त्याला दहा मिनिटांचे दर्शन मिळते. काही दवाखान्यांत एका भेटीत एकच तक्रार सांगावी अशी सूचना लावलेली असते, तिच्यामुळे पाठ, पित्त आणि केस गळणे या तिन्ही गोष्टी महिनाभर साठवून आणलेल्या रुग्णापुढे तत्त्वचिंतकालाही अवघड वाटावा असा प्रश्न उभा राहतो. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही आपल्याकडची म्हण कृतघ्नतेची मानली जाते. तेथे पुष्कळदा वैद्याची वेळ मिळेपर्यंत गरजच सरलेली असते आणि वैद्य जिवंत राहतो, ही प्रगतीच मानावी लागेल.

खोकला हा या अभ्यासातील सर्वांत समृद्ध विषय होय. साधा खोकला तीन-चार आठवडे टिकू शकतो आणि बहुधा आपोआप जातो, असे तेथील अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. म्हणजे सुंठीवाचून खोकला जाणे ही आपण नशिबाची गोष्ट समजतो, तर तेथे तेच सरकारी धोरण आहे. त्यामुळे डॉक्टर छाती तपासतात, आस्थेने विचारपूस करतात आणि पॅरासिटामोल, भरपूर पाणी व विश्रांती ही त्रिसूत्री सांगून उभे राहतात. पॅरासिटामोल तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, मात्र कायद्याने तेथे सोळा गोळ्यांपेक्षा मोठे पाकीट विकता येत नाही. डॉक्टर मराठी निघाले तर काही जमेल, ही आशाही फोल ठरते. १९६०च्या दशकात, स्थानिक डॉक्टर जाण्यास नाखूश असलेल्या औद्योगिक गावांतले दवाखाने भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनीच तोलून धरले होते, आणि त्यांचे आजचे वारसही अँटिबायोटिक नाकारतात. फरक इतकाच की ते शुद्ध मराठीत नाकारू शकतात. त्या संध्याकाळी फोनवर आईचा प्रश्न येतो, “अरे, निदान सुई तरी दिली का?” आणि वीस लाख भरलेल्या मुलाला नाही म्हणताना जी शरम वाटते, तिच्यावर कोणत्याही व्यवस्थेत औषध नाही.

हीच आई वडिलांसह सहा महिन्यांच्या व्हिसावर तेथे येते तेव्हा मात्र चित्र पालटते. पाहुण्यांना अधिभार नसतो आणि म्हणून संरक्षणही नसते: इंग्लंडमध्ये जीपीचा सल्ला व तातडीच्या विभागातले उपचार त्यांनाही विनामूल्य असले, तरी रुग्णालयात दाखल होताच ठरावीक खर्चाच्या दीडपट आकारणी सुरू होते. परिणामी रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, ओवा, सुंठ आणि बामच्या बाटल्या यांनी भरलेली एक स्वतंत्र बॅग या पाहुण्यांबरोबर येते, आणि पुढे अधिभार भरलेला मुलगाही तिचाच लाभार्थी होतो.

या सर्व थट्टेला एक मर्यादा आहे व ती सांगितलीच पाहिजे. छातीत खरोखरीची कळ येते तेव्हा ९९९ हा क्रमांक फिरवल्यावर रुग्णवाहिका, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग या साऱ्या मार्गावर अनामत रकमेचा प्रश्न अधिभार भरलेल्याला कोणी विचारत नाही. हल्ली रुग्णवाहिकेला उशीर होतो, नियोजित शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, हे सारे खरेच. तथापि आपल्याकडे डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यानंतर विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत जो अर्धा दिवस बरा झालेला माणूस रुग्णालयात अडकून बसतो, तो तेथे नाही. बिलाची खिडकी शोधत मजल्यामजल्यांवर फिरणारा मराठी नातेवाईक तेथील परिचारिकांना हरवलेला वाटतो.

तेव्हा जाणाऱ्यांनी पोहोचताच पहिल्या आठवड्यात, धडधाकट असतानाच, जीपीकडे नाव नोंदवावे, आईवडिलांचा जुन्या आजारांसह प्रवासविमा उतरवावा, आणि अधिभार भरूनही इंग्लंडमध्ये दंतोपचाराचे पैसे वेगळे पडतात व सरकारी दरात नवा रुग्ण घेणारा दंतवैद्य शोधणे दुरापास्त झाले आहे, हे ध्यानी ठेवून दातांची सर्व कामे निघण्यापूर्वी इथेच उरकून घ्यावीत.