होल्डर न पुसता जाणाऱ्या महाशयांस

महाशय,

नावाने हाक मारली असती, पण लॉगबुकात तुम्ही नावच लिहिलेलं नाही. विद्यापीठाच्या सामाईक प्रयोगशाळेत परवा रात्री एक्सआरडीवर तुम्ही बसलात, काम उरकलंत आणि निघून गेलात.

सकाळचा स्लॉट तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या एका मुलीचा होता. पहाटेची एसटी धरून ती झिंक फेराइटच्या पुड्या घेऊन आली होती. आलेखात 35.3 अंशांजवळचा फेराइटचा मुख्य पीक जागेवर होता, पण 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांवर आणखी तीन आगंतुक उभे. हे त्रिकूट झिंक ऑक्साइडचं. फेराइट करणारा कुणीही यावर एकच निदान करील: अभिक्रिया अर्धवट राहिली, कच्चा माल उरला. तिचा चेहरा उतरला. सगळी बॅच पुन्हा भट्टीत घालायची तिची तयारी झाली होती. शंका आली म्हणून होल्डर उजेडात तिरका धरून पाहिला, तर खाचेच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी घट्ट बसलेली. अल्कोहोलने स्वच्छ पुसून पुन्हा स्कॅन घेतला आणि तिन्ही पीक गेले. झिंक ऑक्साइड तुमचं होतं, महाशय, आणि पुढची शिक्षा भोगायला निघाली होती ती. टिश्यू आणि अल्कोहोलची बाटली यंत्राशेजारी काय शोभेला ठेवली आहे?

तुमचा नमुना खाचेत मावला नाही म्हणून तुम्ही तो काठाच्या वर रचता, हेही स्टेजवर सांडलेल्या सड्यावरून कळतं. 150 मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात नमुना मिलिमीटरचा दहावा भाग जरी वर बसला, तरी तीसेक अंशांजवळचा पीक सुमारे 0.07 अंशाने सरकतो. त्यावरून काढलेला लॅटिस पॅरामीटर तुम्ही प्रबंधात चार दशांश स्थळांपर्यंत छापणार! लॉरेन्स ब्रॅगने 1912 साली कोन आणि अणूंच्या थरांमधलं अंतर यांची सांगड घातली, तेव्हा तो 22 वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एमएस्सीच्या पोरांएवढा. त्याच्या समीकरणात सगळी भिस्त कोनावर आहे. तो कोनच तुम्ही बिघडवता. काचेची पट्टी घेऊन भुकटी काठाशी सपाट करायला असा किती वेळ लागतो?

चिलरचा अलार्म वाजत असताना तुम्ही तो नुसता बंद केलात, हे तर मला सहनच होत नाही. 40 किलोव्होल्ट, 40 मिलिअँपिअर म्हणजे 1600 वॉट, आणि त्यातला जवळजवळ सगळा भाग उष्णता होऊन तांब्याच्या टार्गेटवर उतरतो. पाणी थांबलं की ट्यूब गेली. नवी ट्यूब लाखांत येते आणि मंजुरीला महिने लागतात. तोवर त्या मुलीने पुड्या घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

लॉगबुक टेबलावरच आहे. परवाच्या तारखेसमोर नाव लिहा, आणि नमुना कशाचा होता तेही लिहा. त्या रात्रीनंतर आणखी कुणाकुणाच्या आलेखात तुमचं झिंक ऑक्साइड शिरलं, ते आम्हाला शोधायचं आहे.

तुमच्यानंतरच्या स्लॉटवाल्यांपैकी एक