पान रुंदीभर उघडा

सेवा केंद्रात सातबारा मागायला गेलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. फाइल उतरते, तिच्यावर दोनदा टिचकी बसते, पडद्याच्या मधोमध एक लहानशी विंडो उघडते आणि त्या विंडोत अख्खं पान मावून उभं राहतं. अक्षरं मुंगीएवढी. केंद्रचालक वाचत नाही, कारण वाचता येत नाही. तो सरळ छापतो. शेतकरी कागद घडी करून खिशात घालतो. चूक असलीच तर ती महिन्याभराने धान खरेदी केंद्राच्या रांगेत सापडते.

छापण्याआधी पान वाचता आलं पाहिजे. चालकाला, आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही. त्यासाठी नवा संगणक नको, निधी नको, प्रशिक्षण शिबिर नको. दस्तऐवज उघडणारा प्रोग्राम किती मोठ्या विंडोत उघडावा आणि पान किती मोठं दिसावं, हे एकदा ठरवून ठेवावं लागतं. ज्याला आपण डीफॉल्ट म्हणतो, ते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते कोणी केलेलं नसतं.

हिशोब करून बघा. स्वस्तातल्या अनेक पडद्यांची मांडणी १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलची असते. म्हणजे आडवा पडदा. सातबारा ए-४ आकाराचा, उभा. पूर्ण आकारात तो पडद्यावर सुमारे ७९४ पिक्सेल रुंद आणि ११२३ पिक्सेल उंच होतो. वरची पट्टी, बटणांची रांग आणि खालचा टास्कबार वजा केले की उंचीतले जेमतेम सहाशे-साडेसहाशे पिक्सेल हाती राहतात. त्यात अख्खं पान बसवायचं म्हणजे ते निम्म्याच्या आसपास आक्रसणार. दहा पॉइंटचं अक्षर साडेपाच पॉइंटवर येतं. तेच पान त्याच पडद्यावर रुंदीभर पसरलं तर दीडपटीहून मोठं होतं. पडदा तोच, फाइल तीच, आणि अक्षर तिप्पट. एवढा फरक फक्त एका सेटिंगचा आहे.

देवनागरीला हे आक्रसणं फार महाग पडतं. रोमन अक्षर लहान झालं तरी बरंचसं ओळखू येतं. आपल्याकडे रफार, अनुस्वार, वेलांटी आणि जोडाक्षराचा अर्धा भाग आधी नाहीसा होतो. नावातला एक अनुस्वार गेला की बँकेच्या पासबुकावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, आणि पडद्यावर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आकड्यांचं तर विचारूच नका. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये, मध्ये टिंबं देऊन लिहिलेलं असतं. ०.४०.०० म्हणजे साधारण एक एकर. ०.०४.०० म्हणजे चार गुंठ्यांच्या आसपास. पन्नास टक्क्यांवर आणलेल्या पानात हे दोन आकडे वेगळे ओळखून दाखवा.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न अक्षरांपुरता राहत नाही. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, भंडारा. सातही तालुक्यांत बांधीत धान उभं असतं. हमीभावाने धान विकायचं तर ऑनलाइन नोंदणी लागते आणि त्या नोंदणीला सातबारा लागतो. किती क्षेत्र, कोणतं पीक, कोणाचं नाव, यावर किती धान घेतलं जाईल ते ठरतं. चुकारे त्यावर, बोनस जाहीर झाला तर तोही त्यावर. २०२१ पासून पीक पेरा ई-पीक पाहणीच्या ॲपमधून शेतकरी स्वतः भरतो आणि तो गाव नमुना १२ मध्ये उतरतो. म्हणजे भरणाराही शेतकरी आणि तपासणाराही तोच हवा. त्याला तपासायची पहिली संधी मिळते ती सेवा केंद्राच्या पडद्यासमोर. नेमकं तिथेच पान वाचण्याजोगं नसतं.

लेखनातली चूक दुरुस्त करायची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५ त्यासाठीच आहे. पण अर्ज, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांचा आदेश आणि मग फेरफार, या वाटेवर किती फेऱ्या होतात हे ज्याने त्या मारल्या त्याला विचारा. खरेदीची मुदत तोवर थांबत नाही.

आता विंडोकडे येऊ, कारण खोड तिथे आहे. दस्तऐवज दाखवणाऱ्या अनेक प्रोग्रामांना स्मरणशक्ती असते. लिनक्सवरचा एव्हिन्स घ्या. तुम्ही एखादी फाइल मोठी करून वाचली की तो त्या फाइलसाठी विंडोचा आकार आणि पानाचं मोजमाप लक्षात ठेवतो. पुन्हा तीच फाइल उघडली की तशीच मिळते. घरी पुस्तक वाचणाऱ्याला हे उत्तम. सेवा केंद्रात मात्र या आठवणीचा उपयोग शून्य, कारण तिथे प्रत्येक फाइल नवीन असते. आधीच्या काकांचा सातबारा चालकाने मोठा केला, तरी पुढच्या काकूंचा पुन्हा मूळ आकारातच उघडतो. दिवसभर रांगेतल्या प्रत्येकासाठी हाताने मोठं करायचं, हे कोणता चालक करील? म्हणून काउंटरवर फाइलनिहाय आठवण कामाची नाही. तिथे डीफॉल्टच सगळं ठरवतं.

एव्हिन्समध्ये ‘सध्याच्या सेटिंग्ज डीफॉल्ट म्हणून जतन करा’ या अर्थाचा पर्याय आहे. पान रुंदीभर करून तो एकदा दाबला की पुढच्या नव्या फाइलीही तशाच उघडतात. विंडोचा आकार वेगळ्या जागी ठरतो. जी-सेटिंग्ज या पडद्यामागच्या सेटिंगसाठ्यात ‘विंडो-रेशो’ नावाची नोंद असते आणि ती विंडोला पानाच्या आकाराच्या प्रमाणात मोजते. ही नोंद मेनूत दिसत नाही, आणि हे मला मुळीच पटत नाही. सामान्य माणसाला सगळ्यात आधी जे बदलावंसं वाटतं ते सगळ्यात खोल का पुरायचं?

विंडोजवर ॲडोब रीडर असेल तर वाट सोपी आहे. एडिटमध्ये प्रेफरन्सेस, त्यात पेज डिस्प्ले, तिथे झूमच्या पुढे फिट विड्थ निवडा. विंडो एकदा पूर्ण पडदाभर करून तशीच बंद करा. घाईच्या वेळी कंट्रोल दाबून २ दाबलं की पान रुंदीभर होतं, शून्य दाबलं की पुन्हा अख्खं दिसतं. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पीडीएफसाठीचा डीफॉल्ट प्रोग्रामच बदलावा. एवढं सगळं मिळून चहा निवायच्या आत होतं.

जुन्या कागदांना तर रुंदी आणखी लागते. आपल्या पूर्व विदर्भात मालगुजारी ही जुनी महसूल पद्धत गेली, पण तिच्या काळातले तलाव आणि त्यांच्याभोवतीचे हक्क राहिले. गुरं कुठे चरायची, जळाऊ लाकूड कुठून आणायचं, हे निस्तार पत्रकात असतं. पाणी, वहिवाटीची वाट आणि मासेमारी यांचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये असतात. संहितेच्या १६१ आणि १६५ या कलमांनी दोन्हींना जागा दिली आहे. असा हस्तलिखित, पिवळा पडलेला, आडवा कागद स्कॅन होऊन लॅपटॉपवर येतो तेव्हा तो लहान चौकटीत उघडला की निव्वळ डाग दिसतो. ग्रामसभेत त्यावर बोट ठेवून बोलायचं असेल तर आधी ओळ दिसायला हवी. तलावाच्या पाण्याचा हक्क सांगणारी ओळ विंडो लहान म्हणून वाचायची राहावी, हे मला सहन होत नाही.

केंद्राकेंद्रात जाऊन सेटिंग बदलण्यापेक्षा एक मोठा उपायही आहे. पीडीएफ हा प्रकार ॲडोबने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्या मानकातच सोय आहे की फाइल बनवणाऱ्याने फाइलीत लिहून ठेवावं: मला उघडताना पान रुंदीभर दाखव. विंडो पहिल्या पानाच्या मापाची कर, असंही सांगता येतं. ॲडोबसारखे दर्शक ही सूचना पाळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज १५ रुपये शुल्कात मिळतो आणि तो राज्याच्या एकाच यंत्रणेतून तयार होतो. स्वाक्षरी होण्याआधी त्या फाइलीत ही एक सूचना टाकली, तर लाखांदूरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या असंख्य काउंटरांवर पान वाचण्याजोगं उघडेल. चालकाला काहीच करावं लागणार नाही.

कोणी म्हणेल, रांग लांब असते, नेट मधेच जातं, वाचत कोण बसणार? वाचायला वीस-तीस सेकंद लागतात: नाव, गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार वर्ग, पीक. कलम १५५ चा अर्ज निकाली निघेपर्यंतच्या फेऱ्यांचं वर आलंच आहे. रांगेचं कारण पुढे करून माणसाला न वाचलेला कागद देणं ही सेवा नव्हे.

पुण्यातल्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाला माझी विनंती आहे: सातबारा, आठ-अ आणि फेरफार, या तिन्हींच्या पीडीएफमध्ये रुंदीभर उघडण्याची सूचना घाला. जिल्ह्यातल्या केंद्रचालकांनी त्यासाठी थांबू नये. उद्या सकाळी शटर वर केलं की पहिल्या ग्राहकाआधी सेटिंग बदला, आणि जमल्यास पडदा थोडा समोरच्याकडे वळवा.

आणि तुम्ही सातबारा काढायला जाल तेव्हा छापायचं बटण दाबू देण्याआधी सांगा, “भाऊ, पान रुंदीभर करा, आधी मला वाचू द्या.”