वन्सं आणि बोस्टन बेचं वाटण

जमैकाच्या पूर्वेला, पोर्ट अँटोनिओच्या थोडं पुढे, बोस्टन बे नावाचं गाव आहे. जर्कची पंढरी ती हीच. आम्ही तिथे पोहोचलो तो वार नेमका सोमवार, आणि सोमवारी आमच्या वन्संचं मांसमच्छर बंद! मायामीहून तिकिटं काढणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी हवामान बघितलं होतं, पंचांग नव्हतं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या भगिनी, मुक्काम रत्नागिरी. परदेशात कुठेही गेल्या तरी त्या आधी भाजीबाजार बघतात, मग वेळ उरला तर समुद्र.

रस्त्याकडेच्या टपरीत पिमेंटोच्या ओल्या दांडक्यांची जाळी, खाली निखारे, वर डुकराचं मांस आणि त्यावर चक्क पन्हळी पत्रा. पिमेंटो म्हणजे ऑलस्पाइसचं झाड. गोव्यात फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत पान चुरगळून हुंगायला देतात, ते हेच. मांस मसाला लावून भाजण्याची मूळ रीत टायनो या आदिवासींची. १६५५ साली इंग्रजांनी स्पॅनिशांकडून बेट हिसकावलं, तेव्हा डोंगरात निसटलेल्या आफ्रिकी गुलामांनी, म्हणजे मरून लोकांनी, ती उचलली. रानडुक्कर मारायचं, मीठमसाला चोळायचा आणि खड्ड्यात झाकून भाजायचं, म्हणजे धूर दिसून शिपाई मागावर यायला नकोत, असं तिथे सांगतात. मरून लोकांच्या गनिमी काव्यापुढे इंग्रजांनी हात टेकले आणि १७३९ साली तह केला. आता कुणापासून लपायचं नसल्यामुळे सगळा धूर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सोडतात.

वन्संनी टपरीची तपासणी सुरू केली. पातीचा कांदा, थाइम, आलं, लसूण, जायफळ इथवर त्यांची मान पसंतीने हलत होती. मग त्यांनी सॉसमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. त्यात असते स्कॉच बॉनेट मिरची. दिसायला गोंडस, वासाला फळासारखी गोड. १९७६ साली किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंग भारताच्या फलंदाजांवर धावून आला होता, तशीच ही येते. पावलं ऐकू येत नाहीत, कळतं ते लागल्यावर. त्या कसोटीच्या दुसऱ्या डावात आपले पाच जण दुखापतीमुळे फलंदाजीलाच आले नाहीत. वन्सं मात्र खेळपट्टीवर उभ्या राहिल्या. पदराने डोळे टिपले, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "वाटण बरं आहे. खोबरं नाही."

तेवढ्यात निखाऱ्यात काळाठिक्कर होत आलेला एक गोळा त्यांना दिसला.

"अगं, हा तर नीरफणस!"

कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून ही रोपं इथे आणली ती गुलामांना स्वस्तात पोसायला. त्याआधीच्या खेपेला खलाशांनी बंड करून ब्लायलाच होडीत घालून समुद्रात सोडलं होतं. रोपंही पाण्यात गेली. इतकं रामायण झालेलं फळ वन्संनी सोलायला लावलं, कापं करवली आणि खुणेने सांगितलं, यावर सॉस ओत. टपरीवाल्याचा सुरा हवेतच थांबला. हे डुकराला लावायचं, फार तर कोंबडीला, असं त्याने मला समजावलं.

"सांग त्याला, आज सोमवार आहे."

मी सांगितलं. त्याने सॉस ओतला, पण नजर दुसरीकडे वळवून.

त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. २०१८ साली जेमी ऑलिव्हर या इंग्रज बल्लवाचार्याने जर्कच्या नावाने तयार भात विकायला काढला, तेव्हा खासदार डॉन बटलरबाईंनी त्याला जाहीर फैलावर घेतलं. त्यांचे आईवडील जमैकाचे. जेमीचं नशीब, की त्याची गाठ फक्त ब्रिटिश पार्लमेंटशी पडली.

सॉसची बाटली घेऊन आम्ही मुक्कामी आलो आणि भाड्याच्या त्या स्वयंपाकघराचा ताबा वन्संनी घेतला. मक्याच्या पिठात पातीचा कांदा आणि चमचाभर सॉस घालून थालीपीठ लावलं. पहिलं करपलं, कारण सॉसमध्ये साखर असते. दुसऱ्यापासून सॉस पिठात न घालता, उतरवायच्या आधी वरून पुसायला लागल्या, आणि खरंच फर्मास लागलं. कॅललू नावाची इथली पालेभाजी म्हणजे आपला माठच. ती परतून वर सॉसचे चार थेंब. मंगळवारी रेड स्नॅपरचे तुकडे सॉसमध्ये मुरवून, रव्यात घोळवून तळले. नारळाच्या दुधात सॉस कालवला तेव्हा तिखटाचा माज उतरला आणि थेट भातावर घेण्याजोगी आमटी झाली. खोबऱ्याची तक्रारही मिटली. अननसावर घातलेला सॉस मात्र मला झेपला नाही. त्याला "कोशिंबीर" म्हणणं तर त्याहून नाही.

घराची मालकीणबाई दारातून हे सगळं बघत होती. आधी कपाळाला आठ्या, मग एक घास, मग दुसरं थालीपीठ, आणि शेवटी ती खुर्ची ओढून बसलीच. वन्संच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचं तेज. परक्याच्या मसाल्याला असं मोकळेपणाने वागवावं, लोक उगाच सोवळं पाळतात, असं त्यांनी मला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई आमच्या आधी उठली होती. वन्संच्या पिशवीजवळचा मेतकुटाचा डबा उघडून, हुंगून, तिने ते भाजलेल्या नीरफणसावर सढळ हाताने भुरभुरवलं होतं, वरून लोणी सोडलं होतं आणि डोळे मिटून खात होती.

वन्सं उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं, सांग तिला! मेतकूट मऊ भातावर घेतात. तुपाबरोबर. हे असं कशावरही नाही टाकायचं!"

मालकीणबाईने मला विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हटलं, आज मंगळवार नाही, बुधवार आहे.

तिने मान डोलावली आणि आणखी एक चमचा भुरभुरवला.