चिनूक आला, ट्रक अडला

कॅलगरी, फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. प्रकृती बिघडली ती फक्त चिरंजीवांच्या पिकअप ट्रकची. उणे तीसच्या थंडीत तो चारही चाकांच्या जोरावर बर्फातून ऐटीत फिरत होता. मग रॉकी पर्वत उतरून चिनूक आला. हा कोरडा, उबदार वारा काही तासांत तापमान वीसेक अंशांनी चढवतो. रस्ते कोरडे झाले, चिरंजीवांनी डॅशबोर्डवरची चकती चार चाकांच्या ‘४एच’वरून दोन चाकांच्या ‘२एच’वर फिरवली. दिवा नुसता लुकलुकत राहिला. वाणसामानाच्या दुकानापुढे वळताना चाकं उड्या मारू लागली आणि चिरंजीवांच्या तोंडून जी मायबोली बाहेर पडली, तिच्यातले दोन शब्द नातवाने घरी येऊन खणखणीत म्हणून दाखवले.

उड्यांचं कारण बाबा झोपेतही सांगतील. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. ‘४एच’मध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना जखडलेले असतात. बर्फावर चाकं घसरून तो फरक जिरवतात; कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, ताण साठत जातो आणि आतले दाते एकमेकांना सोडत नाहीत. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून गाडी जरा मागे घ्यावी. चिरंजीवांनी घेतली. ताण सुटला, दिवा लुकलुकतच राहिला.

मग त्यांनी ‘४एल’, म्हणजे लो, लावून पाहिलं, तेही गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये ठेवून! लो लावायला गाडी जवळजवळ थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात पार्किंगच्या पावत्यांखाली सुखरूप आहे.

बाबांच्या जुन्या महिंद्रा जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे होते: एक पुढची चाकं जोडायला, दुसरा लो लावायला. कुठे अडतंय ते हाताला कळायचं. इथे चकती फक्त अर्ज करते. कॉम्प्युटर तो मंजूर करून ट्रान्सफर केसवरच्या छोट्या मोटरला हुकूम सोडतो, आणि मोटर नेमकी कुठे आहे हे सेन्सरने कळवलं नाही, तर अर्ज तसाच पडून राहतो. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या इंजिनिअरनेच ही रचना केली असावी, असं सूनबाईंचं मत आहे.

बॅटरी ठीक निघाली, फ्यूजही शाबूत. चाकांखाली ठोकळे सरकवून, इंजिन बंद ठेवून चिरंजीव ट्रकखाली आडवे झाले. नातवाकडे बॅटरीचा उजेड, सूनबाईंकडे किल्ली आणि चकती. चकती फिरली की मोटरची घुर्रघुर्र यायला हवी होती. आली नाही. चिरंजीवांनी खालूनच निकाल दिला, “मोटर गेली!” आणि झोपल्या झोपल्याच फोनवर नवी शोधू लागले. किंमत काही शे डॉलर. आधी वायरीचा प्लग उघडून बघा, असा सूनबाईंनी आग्रह धरला.

प्लगमध्ये हिरवा गंज होता. इथे बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी गाडीच्या पोटाशी उडतं आणि तांब्याच्या पिना खातं. स्प्रे मारून पिना घासल्या, ग्रीस लावलं, प्लग बसवला. चकती फिरवली. घुर्र, टक. दिवा विझला.

एकूण खर्च स्प्रेच्या एका डब्याचा. रविवारच्या फोनवर चिरंजीव ‘अख्खी ट्रान्सफर केस उघडली’ असं सांगतील. बाबांनी विश्वास ठेवू नये, ही विनंती.

आपली,
सूनबाई