गडग्यावरचं ऑफर लेटर

आमचं परडं आणि शेजारच्या वैनीचं परडं यांच्यामधला गडगा कंबरेएवढाच आहे. तो तेवढाच राहावा असा दोन्ही घरांचा अलिखित करार आहे, कारण उंच केला तर बातम्या कुठून यायच्या? जुलै महिना, मासेमारी बंद, होड्या झापांखाली झाकलेल्या, तारकर्लीचे स्कूबावाले पोरगे पत्ते कुटत बसलेले. अशा दिवसांत मालवणात गजालीला विषय एकच: कोणाचा निकाल लागला आणि कोणाला कुठे लागलं. यंदा वैनीचा झिल इंजिनियर झाला. मेकॅनिकल, कणकवलीहून.

"भावजी, ह्या जरा वाचून सांगा," म्हणत वैनीनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. मी जिल्हा परिषदेत, ओरोसला, लेखा विभागात पगारबिलं करून निवृत्त झालेला माणूस. वाडीतल्या समस्त पगारांचा अर्थ लावून देणं हे आता माझं पेन्शनीतलं खातं आहे.

"पुण्याची कंपनी आसा. तीन लाख साठ हजार. म्हणजे म्हयन्याक तीस हजार झाले मां? मी फुडल्या घरातल्या काकीक सांगून पण टाकलंय."

"तीस नव्हत, वैनी. बावीस."

"आणि आठ हजार खय गेले?"

आता हे आठ हजार कुठे जातात ते एकदा सगळ्यांनीच ऐकून ठेवावं. ज्या घरात पहिल्यांदाच इंजिनियर झालाय त्या घरात ही तीस हजारांची चूक हमखास होते. पत्रातला मोठा आकडा म्हणजे कंपनीला तो पोरगा वर्षाला कितीला पडतो तो आकडा; पोराच्या हातात किती पडतात तो नव्हे. वैनीच्या झिलाच्या पत्रात ३६,००० होते 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनीचं आणि साहेबाचं दोघांचंही मन प्रसन्न असलं तर वर्षाच्या शेवटी मिळायचे. ६,००० आरोग्यविम्याचा हप्ता. मूळ पगार १५,०००, त्यावर कंपनीनं भरायचा बारा टक्के पीएफ, म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. तोही पॅकेजातच धरलेला. शिवाय मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, वर्षाला साडेआठ हजारांच्या वर. ती साधारणपणे पाच वर्षं टिकल्याशिवाय दिसायची नाही. पण मोजायला मात्र पहिल्या दिवसापासून. हे सगळं वजा केलं की महिन्याला चोवीस हजारांच्या आत येतं. त्यातून पोराच्या वाट्याचा पीएफ परत १,८००, आणि महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. राहिले बावीसाला थोडे कमीच.

पीएफ बुडत नाही, तो साठतो, हे मी वैनीला तीनदा सांगितलं. तिचं लक्ष काकीला काय सांगायचं याच्यावर.

"शिरा पडो तेंच्या पॅकेजावर! मगे पुण्यात खोली कितीक?"

तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. छत्री गडग्याला टेकवून उभे राहिले की अर्धा तास तरी हलायचे नाहीत. त्यांनी पत्र उलटंपालटं केलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. दोन वर्षांचं बाँड होतं, आधी सोडलं तर पंचाहत्तर हजार भरायचे. आणि रुजू होताना मूळ मार्कशीट जमा करायच्या.

"मूळ मार्कशीट कित्याक व्हयी तेंका? दाखवूक दे, झेरॉक्स दे, सही करून दे. पण मूळ कागद कोणाच्या कपाटात ठेवचो नाय," तात्या म्हणाले. यात मी आणि तात्या एकमत झालो, ही गोष्ट वर्षातून दोनदाच होते.

मला मात्र बाँडपेक्षा वरचं एक वाक्य खुपलं. उमेदवाराला कंपनीच्या कुठल्याही शहरात, कुठल्याही तंत्रज्ञानावर, कुठल्याही पाळीत काम द्यायचा अधिकार कंपनीला आहे, असं ते वाक्य. आमच्या वाडीतलाच एक मेकॅनिकलवाला असाच सॉफ्टवेअर कंपनीत गेला. सहा आठवडे कोडिंग शिकवलं, मग चार महिने 'बेंचवर' बसवलं. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम नाही. ऐकायला स्वर्ग वाटतो. पोरगा चतुर्थीला घरी आला तेव्हा विचारलं, काय करतोस? तर गप्प. आज तो चांगला स्थिरावला आहे, नाही असं नाही, आणि संगणकाच्या कामात ज्याला खरंच रस आहे त्यानं जरूर जावं. पण चार वर्षं मशीन ड्रॉइंग काढलेल्या पोरानं नुसत्या आकड्यापायी तिकडे वळावं, हे मला पटत नाही.

"दुसरा पण एक पत्र आसा," वैनी हळू आवाजात म्हणाली. दुसऱ्या पत्राची तिला लाज वाटत होती, म्हणून ते पिशवीतच होतं.

ते होतं वेर्ण्याचं. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने बरेच आहेत, आणि आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं तिकडे आणि पिळर्ण्याला कामाला आहेत. बांदा-दोडामार्गकडची काही तर रोज जाऊन-येऊन करतात. मालवणहून ते जमायचं नाही, खोली घ्यावी लागते. पत्रात लिहिलं होतं: पदवीधर अ‍ॅप्रेंटिस, देखभाल विभाग, एक वर्ष, महिना १५,०००.

"इंजिनियर झालो आणि शिकाऊ? लोकांका काय सांगू, भावजी?"

"डाक्टर झालो तरी एक वर्स इंटर्न रवता. तेका कोण हसता?" तात्या म्हणाले.

अ‍ॅप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा. पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनियर त्यात १९७३ च्या दुरुस्तीनं आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० ठरले, आणि त्या किमान रकमेतला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. म्हणजे हे काही कारखान्यानं धर्मादाय म्हणून दिलेलं काम नव्हे, सरकारी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं. तोटेही सांगतो, नाहीतर वैनी उद्या मलाच धरेल: पीएफ नाही, आणि वर्ष संपलं की नोकरीत घ्यायलाच पाहिजे असं कारखान्यावर बंधन नाही. घेतलं तर घेतलं.

मग झिल स्वतःच आला, चिवल्याच्या वेळेवरून, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, पुण्याक माका काय काम देतले ता लिवलेलाच नाय. वेर्ण्याक फोरमन माका आतच घेऊन गेलो."

आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून तात्यांनी छत्री मिटली. मुलाखत टेबलावर पाच मिनिटंच झाली. नंतर फोरमननं त्याला कॉम्प्रेसरच्या खोलीत नेलं, हवेच्या लाइनचा एक कॉक उघडून दाखवला. हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे आले. फोरमननं विचारलं, हे पाणी कुठून? बरोबरची पोरं पुस्तकातली सूत्रं आठवत राहिली. आमच्या ह्याचा मामा तारकर्लीला डायव्हिंगचा धंदा करतो. सुटीत सिलिंडर भरायचं काम ह्याच्याकडे. दोनशे बारपर्यंत हवा दाबायची तर हवेतला दमटपणा पाणी होऊन साचतो, दर दहा-पंधरा मिनिटांनी ड्रेन उघडून तो काढावा लागतो, आणि हवा दमट असली तर जास्तच, नाहीतर फिल्टर ओला होऊन वाया जातो. ह्यानं तेच सांगितलं: ड्रेन बंद पडलाय, किंवा कोणी उघडतच नाही. फोरमन हसला आणि खाली वाकून ड्रेनचा व्हॉल्व्ह दाखवला. कचऱ्यानं बुजलेला होता.

"औषधाच्या कारखान्यात ओली हवा म्हणजे गोळीत पाणी," झिल म्हणाला. "म्हणान ता काम मोठा."

तात्यांना आता विश्वेश्वरय्या आठवले. ते दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आठवतातच, यंदा दोन महिने आधी. "पुण्याच्या कॉलेजातसून पयले इले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या खात्यात असिस्टंट इंजिनियर. तेंका सुरवातीक काय धरान बांधूक दिल्यांनी? खानदेशात पांझरा नदीत नळाचो सायफन! खडकवासल्याची आपोआप उघडणारी दारां मगे, १९०३ सालात."

आणि मग राजकोट किल्ल्याचा विषय निघालाच. मालवणात इंजिनियरिंगची गजाल तिकडे वळल्याशिवाय पुरी होत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पडायच्या काही दिवस आधी गंजलेल्या नट-बोल्टबद्दल बांधकाम खात्याचं पत्र गेलं होतं. समोर पाण्यात १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उभाच आहे. नंतर राम सुतारांच्या हातचा नवा पुतळा आला, पण तात्यांच्या मनातून तो नट-बोल्ट गेलेला नाही. "आमच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाक किती दिवस? ता कॉलेजात नाय शिकवणत. साइटवर कोणीतरी म्हातारो शिकवता."

मला पटलं ते हे. पहिल्या वर्षी शिकवणारा कोणी म्हातारा मिळणं हाच खरा पगार. आमच्या आळीतलं एक चेडू आहे, मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनियरिंगला गेलेलं. हायवे चौपदरी होत होता तेव्हा ती कंत्राटदाराकडे बारा हजारांवर लागली. दिवसभर काय, तर काँक्रीटचा स्लंप बघायचा: साच्यात थर भरायचा, थरागणिक सळीचे पंचवीस ठोके मारायचे, साचा वर उचलायचा आणि काँक्रीट किती खचलं ते मोजायचं. ठोकळे भरायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे. लोक म्हणत, ह्याच्यासाठी इंजिनियर कशाला? आज ती मुंबईकडे पुलांच्या कामावर गुणवत्ता बघते, आणि तिच्या सहीशिवाय गाडी रिकामी होत नाही.

एमपीएससीचा मुद्दाही निघाला. निघणारच होता, वैनीच्या भावाचा झिल तीन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत आहे. जाहिरात कधी निघेल, मेकॅनिकलला जागा किती असतील, याचा भरवसा नाही. नोकरी करता करता परीक्षा द्यावी एवढंच मी म्हटलं आणि विषय सोडला, कारण वैनीला भावावर बोललेलं खपत नाही.

शेवटी झिल वेर्ण्याला गेला. खोलीत तिघं आहेत, एक कुडाळचा, एक पेडण्याचा. पुण्याच्या कंपनीला त्यानं नम्र पत्र लिहून नाही कळवलं. ते पत्र मीच तपासलं. काकीला अजून तीस हजारांचाच आकडा माहीत आहे, आणि वैनीनं तो दुरुस्त केलेला नाही.

चतुर्थीला तो चार दिवस घरी येतोय. आरतीला जाल तेव्हा पॅकेज किती म्हणून विचारू नका. कॉम्प्रेसरचं विचारा, तो तासभर सांगेल. आणि आकडा कळल्याशिवाय ज्यांना मोदक गोड लागत नाही त्यांनी आमच्या बाजूनं गडग्यावर यावं, बेरीज-वजाबाकी मी करून देईन.