नाकेदार

नाना जकात खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. थांबवायला ट्रक मात्र एकही मिळाला नाही. उभी नोकरी पुण्याच्या नाक्यांवर गेलेली. गाडी थांबावी, ड्रायव्हरने खाली उतरावं, कागद पुढे करावेत आणि ‘जाऊ का, साहेब?’ म्हणून अदबीनं विचारावं, याची माणसाला सवय होते. घरी विचारणार कोण? भाजी कुठली ते काकू ठरवत, टीव्हीवर काय लावायचं ते नात ठरवी. नानांकडे फक्त दूध उतू जाऊ न देण्याचं काम उरलं होतं.

अशात मुलाने घरी कॉम्प्युटर आणला. केबलवाल्याने टीव्हीच्या वायरीशेजारून आणखी एक वायर सोडली आणि अख्खी गल्ली एका नेटवर्कात आली. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म फिरू लागला. त्याला ना ईमेल उघडावी लागे, ना फाइल. वायर जोडलेली असली की 135 नंबरच्या पोर्टातून तो थेट आत. मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू. घरातले सगळे घाबरले. नाना मात्र ताठ बसले. “पोर्ट किती असतात एकूण?” त्यांनी मुलाला विचारलं. 65,536 हा आकडा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते निवृत्तीनंतर काकूंनी प्रथमच पाहिलं. एवढे नाके, आणि एकावरही माणूस नाही!

नानांनी वही घातली, रकाने आखले आणि फायरवॉलची निवड सुरू झाली. ऑगस्ट 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक 2 दिला आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू झाली. मुलगा म्हणाला, “नाना, झालं काम.” नानांनी ती वापरून पाहिली आणि वहीत शेरा मारला: ‘विचारत नाही.’ ती येणारं अडवायची, जाणाऱ्याला हटकायची नाही. “अरे, आत घुसलेला चोर आपला माल बाहेर पाठवायला लागला तर?” नानांचा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच तर लोक दुसऱ्या फायरवॉल शोधत होते. पण नानांचं खरं दुखणं शेऱ्यातच होतं. नॉर्टन दोन्ही बाजू बघायची, पण ओळखीच्या प्रोग्रॅमचा निकाल आपल्या आपण लावायची. “हाताखालच्याने परस्पर सह्या करायच्या?” नॉर्टन बाद. शेवटी झोन अलार्म पास झाली. घरगुती वापराला फुकट, आणि कुठलाही नवा प्रोग्रॅम इंटरनेटकडे वळला की खिडकी उघडून विचारायची: जाऊ द्यायचं का?

त्या खिडकीत एक चौकोन असे. त्यावर खूण केली की उत्तर लक्षात राहतं, पुन्हा विचारणा होत नाही. नानांनी त्यावर कधीही खूण केली नाही. “कालची पावती आज चालत नाही.” नातीने ब्राउझर उघडला की नाना बैठकीतून येणार, चष्मा लावणार, नाव वाचणार, मग परवानगी. दुपारी जेवायला उठताना लाल ‘स्टॉप’चं बटण दाबून सगळी वाहतूक बंद. एकदा त्यांनी ‘एसव्हीसीहोस्ट’ या नावाला हरकत घेतली. “नावावरून धंदा कळत नाही,” म्हणून नकार. तो विंडोजचाच कारकून. त्याला अडवताच इंटरनेट ठप्प झालं. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा नाना समाधानाने वही मिटत होते. “आज एकही घुसखोरी नाही.”

घुसखोरीची नोंद रोज होई. त्यातली बहुतेक म्हणजे शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर नेटवर्कात आपली ओळख सांगत हिंडायचे, तेवढीच; विंडोजची ती रीतच. पण नानांनी आकडे जुळवून छडा लावला आणि सकाळी वरच्या मजल्याची बेल वाजवली. “तुमचा कॉम्प्युटर रात्री साडेअकराला आमच्या 137 नंबरवर आला होता. काय काम होतं?” वरच्या गृहस्थांनी घाबरून मुलाला पुढे केलं. मुलाने शपथेवर सांगितलं की तेव्हा तो गेम खेळत होता. नानांनी ताकीद देऊन सोडलं.

पुढे कोमोडो आली. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला तरी ती विचारायची. नाना हरखले, पण झोन अलार्मही सोडवेना. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर बसवल्या. दोघी एकमेकींचे कागद तपासत बसल्या आणि कॉम्प्युटर जागीच गोठला.

आता घरात विंडोजचा नवा लॅपटॉप आहे, वायफायचा राउटर आहे. बाहेरून न बोलावता आलेलं पाकीट घरातल्या कुणासाठी आहे हेच राउटरला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. विंडोजची फायरवॉल गुपचूप चालू असते. नातीने समजावलं, “आजोबा, दोन्ही चालू ठेवायचं आणि अपडेट थांबवायचे नाहीत. घराला एवढं पुष्कळ आहे.”

“म्हणजे मला विचारायचं कारणच नाही?”

“नाही ना!” नात आनंदाने म्हणाली. नाना दूध बघायला गेले.

गेल्या वर्षी मात्र सोसायटीने गेटसाठी अ‍ॅप घेतलं. कुणी आलं की वॉचमन फोटो काढतो आणि घरच्यांच्या मोबाइलवर विचारणा येते: आत सोडायचं का? घराच्या नावापुढे नानांनी आपला नंबर दिला. नेहमीच्या पाहुण्यांची नावं कायमची नोंदवायची सोय त्यात आहे. नानांनी ती वापरलेली नाही. मे महिन्यात काकूंचे धाकटे भाऊ भर दुपारी येऊन गेटवर उभे राहिले. मोबाइल वाजला. नानांनी चष्मा लावला, फोटो न्याहाळला आणि खात्री करण्यासाठी मेहुण्यांना फोन लावला.

“कुठून आलात?”

“दाजी, मी आहे! आंबे घेऊन आलोय.”

“ते दिसतंय. किती डझन?”