पाळकाच्या रजेचं बिल

रविवारी एक तास उपदेश, बाकी आठवडा आराम. पाळकाच्या कामाबद्दल हा समज अमेरिकेतही पक्का आहे. मग दवाखान्यातून रात्री दोनला फोन येतो तेव्हा उठतं कोण?

नॉर्थ कॅरोलिनातल्या युनायटेड मेथडिस्ट पाळकांची तब्येत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. पाळकांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण जवळपास 40 टक्के निघालं. राज्यातल्या इतर लोकांमध्ये ते 30 टक्क्यांच्याही आत होतं. मधुमेह जास्त, रक्तदाब जास्त. दुसऱ्यांच्या दुःखाशी बसता बसता जेवणाची वेळ टळते, चालणं राहून जातं. वर प्रत्येक घरी केक पुढे येतो आणि नाही म्हणता येत नाही.

पाळकाला पैसा कशाला, त्यानं त्याग करावा, असं म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, हा दाखला तयारच असतो. पण टिळकांच्या त्यागाचे दिवस घरात कोणी निभावले? ज्यांनी त्यांच्या पत्नीचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आहे, त्यांनी तरी हा दाखला देऊ नये.

तेव्हा रजा हवी. पगारी हवी. घरच्यांसह हवी.

इंडियानापोलिसची लिली एंडोमेंट ही संस्था 2000 पासून अमेरिकाभरच्या मंडळ्यांना नेमकं यासाठी अनुदान देते. मर्यादा अलीकडे 60,000 डॉलरपर्यंत गेली. त्यातले 15,000 पर्यंत मंडळीच्या खर्चाला, म्हणजे पाळक नसताना त्याचं काम सांभाळणाऱ्याचं मानधन वगैरे. पाळकानं काही महिने निघून जावं, बायकामुलांना सोबत न्यावं. प्रबंधाची सक्ती नाही, पदवी मिळवण्याचीही नाही. त्याला विचारतात, तुमचं मन कशानं गाऊ लागेल?

या प्रश्नासाठी मी त्या संस्थेला मानतो. विकास म्हटलं की थकलेल्या माणसाला आणखी एका कार्यशाळेला पाठवायचं, ही खोड जगभर आहे. इथे निदान कोणीतरी आधी माणसाची चौकशी केली.

आता पैसा कुठला, ते पाहू.

लिली एंडोमेंट 1937 मध्ये उभी राहिली ती एलाय लिली या औषध कंपनीच्या शेअरांवर. आजही तिची संपत्ती मुख्यतः त्याच शेअरांत आहे. संस्था वेगळी, कारभार वेगळा, हे मान्य. शेअर मात्र तेच. या कंपनीचं हुमालॉग इन्सुलिन 1996 मध्ये आलं तेव्हा बाटली 21 डॉलरला होती. पुढे छापील किंमत 275 च्या घरात गेली. बाटली पुरवून पुरवून वापरण्याची पाळी अमेरिकेतल्या कितीतरी रुग्णांवर आली. ओरड वाढली, तेव्हा कुठे 2023 मध्ये कंपनीनं 70 टक्के कपात जाहीर केली.

पाळकांमध्ये मधुमेह जास्त, हे वर आलंच आहे. म्हणजे रजेचं बिल आधी कोणी भरलं?

म्हणून अनुदान नाकारावं का? अजिबात नाही. घ्यावं, विश्रांती घ्यावी. आणि परत आल्यावर व्यासपीठावरून औषधांच्या किमतींबद्दलही बोलावं. अनुदानानं तोंड बंद होत असेल तर ती विश्रांती फार महाग पडली.

दुसरी बोच याहून खोल आहे. अनुदान स्पर्धेतून मिळतं आणि अर्ज मंडळीनं करायचा असतो. बेत हवा, अंदाजपत्रक हवं, इंग्रजीत नीट मांडता येणारे चार हात हवेत. अमेरिकेतल्या निम्म्या मंडळ्यांत उपासनेला 65 माणसंही जमत नाहीत, असं 2020 चं एक मोठं सर्वेक्षण सांगतं. तिथला एखादा पाळक आठवडाभर बस चालवतो नाहीतर गोदामात उभा असतो. चर्चमधून त्याला रजा मिळेलही. गोदामातून कोण देणार?

याहून सोपी वाटही आहे. लंडनमध्ये 1655 मध्ये पाद्र्यांच्या मुलांनी एक निधी काढला. क्रॉमवेलच्या राजवटीत ज्या पाद्र्यांची पदं गेली, त्यांच्या घरांसाठी. आज तो ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ या नावानं चालतो. अडचण सांगायची, मदत थेट घरापर्यंत येते. मन गाऊ लागण्याची गोष्ट नंतर. आधी हीटरचं बिल, मुलांचे गणवेश.

अमेरिकेतल्या त्या छोट्या मंडळ्यांना हीच वाट हवी. दोन पानांचा अर्ज. साठ हजारांच्या एका रजेऐवजी तीन-तीन हजारांच्या वीस. गोदामातला बुडालेला पगार भरून देण्याची सोय.

मग त्याला विचारा, मन कशानं गाऊ लागेल. तो बहुधा एवढंच म्हणेल, सोमवारी सकाळी उशिरा उठू द्या.